कुंभाराची शंका

आधी चपला काढा. पुढचा सगळा रस्ता अनवाणी आहे, आणि आपण ज्या काळात निघालोय तिथे रबरी चप्पल दिसली तर देव राहील बाजूला, लोक तिच्यावरच वाद घालत बसतील.

महाडच्या वेशीजवळ, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, गांधारपाल्याची लेणी आहेत. तुम्ही ती पाहिली आहेत. म्हणजे गाडीच्या खिडकीतून पाहिली आहेत. डोंगराच्या कपाळावर कुणीतरी चौकोनी भोकं पाडून ठेवल्यासारखी दिसतात, तीच ती. गणपतीला गावी जाताना दरवर्षी म्हणता, एकदा वर जाऊ. आज चला. पायऱ्या मोजू नका, अर्ध्या वाटेत त्या संपतील. खालचे ट्रकचे भोंगे विरत जातील आणि त्या जागी दुसराच आवाज येईल. टक्. टक्. टक्.

छिन्नी आहे ती. तुम्ही सुमारे 1800 वर्षं मागे आला आहात.

नाकात काय चाललंय ते आधी बघा. दगडाची पूड. घशात बसते, जिभेवर पिठासारखी फिरते, शिंक काढते. ऊन असं की तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तसे तुम्ही कातळावर पाय बदलत नाचताय, आणि पाथरवटाची पोरं तुम्हाला हसताहेत. त्यांच्या तळव्यांना घोड्याच्या नालासारखे घट्टे पडलेत. खाली सावित्री आणि गांधारी उन्हात वितळलेल्या कथलासारख्या चमकताहेत. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं आत येतात, आणि वारा फिरला की वर डोंगरापर्यंत मिठाचा नि सुक्या मासळीचा वास पोचतो. भिक्षूंना त्याची सवय झालीय. तुम्हालाही होईल.

भिंतीवर अक्षरं कोरलेली दिसतील. ब्राह्मी आहे, वाचता येणार नाही, मी सांगतो. विष्णुपालित नावाच्या एका राजकुमाराने हे लेणं, चैत्यगृह, राहायच्या खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिली, असा त्याचा मतलब. नाव पुन्हा एकदा म्हणा. विष्णुपालित. विष्णूने सांभाळलेला. आणि त्याने डोंगर कोरून घर कुणाला दिलं, तर ज्यांच्या हिशेबात जग निर्माण करणारा कुणी नाहीच, अशा लोकांना. आपल्याकडे घरात चतुर्थी आणि खिशात नास्तिकाचं व्याख्यान एकत्र नांदतात, याचं आपल्याला उगीच नवल वाटतं. पाल्याच्या भिंतीवर ते कधीचं कोरलेलं आहे.

आता सावलीत या. ओसरीत एक म्हातारा भिक्षू बसलाय आणि त्याच्यासमोर बंदरावरचा एक व्यापारी. व्यापाऱ्याचं धोतर घामाने चिकटलंय, अंगाला तेलाचा नि हळदीचा वास येतोय. दान द्यायला आलाय, पण दिल्यावर चार गोष्टी विचारून घ्याव्यात असा त्याचा रोकडा स्वभाव आहे. त्यांचं बोलणं कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. ते मी रचतोय. पण भिक्षूच्या तोंडी घालतोय तो युक्तिवाद माझा नव्हे. पुढे वसुबंधू या बौद्ध आचार्याने अभिधर्मकोशाच्या भाष्यात तो नीट मांडून ठेवला आहे.

व्यापारी म्हणतो, ‘‘भंते, हे लेणं पाथरवटांनी केलं. मग डोंगर कुणी केला?’’

‘‘लेणं केलेलं तू पाहिलंस. डोंगर केलेला पाहिलास?’’

‘‘नाही. पण कुणीतरी केल्याशिवाय कसा होईल?’’

‘‘बरं. केला कुणीतरी. तो नेहमीचाच आहे की मध्येच झाला?’’

‘‘नेहमीचाच. त्याला आरंभ कसला?’’

‘‘बदलतो का?’’

‘‘छे!’’

म्हातारा मान हलवतो. दात पडलेत, त्यामुळे हसला की सगळं तोंड आत जातं. ‘‘मग मला सांग, आंब्याला मोहोर माघात येतो आणि आंबा वैशाखात पिकतो, हे कसं? करणारा कायम तोच, कायम तसाच, तर मोहोर, कैरी आणि पिकला आंबा एकाच दिवशी एकाच डहाळीला लागायला हवेत. तो कशासाठी थांबतो? उन्हासाठी? पावसासाठी? मग ऊनपाऊसही करणारेच झाले की. त्याच्या एकट्याच्या नावावर सगळा माल का चढवतोस?’’

हिशेबाची भाषा आली तसा व्यापारी सावध होतो. तुम्हीही जरा पुढे सरकता. पाथरवटाची छिन्नी थांबलीय, तोही ऐकतोय.

‘‘आणि तो कुणी न घडवता असू शकतो, तर डोंगर का असू शकत नाही?’’

मुद्दा जड आहे. दुपारच्या उन्हात तो अजूनच जड वाटतो. व्यापारी डोकं खाजवतो, मग विचारतो ते ऐकून तुम्हाला त्याला मिठी मारावीशी वाटेल. ‘‘भंते, ते खरं असेल. पण माझं गलबत समुद्रात आहे. मी साकडं घालू कुणाला?’’

भिक्षू लगेच उत्तर देत नाही. बाण लागलेल्या माणसाची जुनी गोष्ट त्याला ठाऊक आहे. बाण कुणी मारला, कुठल्या लाकडाचा, पिसं कुठल्या पक्ष्याची, हे कळेपर्यंत मी तो काढू देणार नाही, असं म्हणत बसलेला माणूस मरून जाईल. जग शाश्वत आहे की नाही, या प्रश्नावर बुद्धाने मौन पाळलं होतं ते याचसाठी. पण ज्याचं गलबत समुद्रात आहे त्याला ही गोष्ट सांगायची नसते. तो फक्त म्हणतो, ‘‘पाणी पी.’’

टाक्याकडे जा. कातळात खोदलेलं, वर गुडघाभर उजेड आणि खाली काळोख. ओंजळ बुडवा. बाहेर एवढी होरपळ आणि हे पाणी दाताला कळ आणतं. डोळे मिटून घ्या.

डोळे उघडायच्या आत भिजाल. आपण पंधराशे वर्षं पुढे उडी मारलीय आणि नेमके आषाढात पडलोय.

याच्याही पुढे एक थांबा आहे, तो मी गाळतोय. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी देवाधर्मावर जाहीर वाद घालत होते. त्याचं पुढे पुस्तक झालं. पण तिथे दोन्ही बाजूंना देव आहे हे कबूल होतं, भांडण होतं ते कुणाचा खरा याचं. आपल्याला आज त्याच्याही मागे जायचंय, म्हणजे शिवथरघळीत.

बिरवाडी मागे पडलीय. समोर वरंध्याचा घाट ढगात बुडालाय. डोक्यावर इरलं आहे. बांबूच्या कामट्यांत पानं विणलेलं हे छप्पर पाठीवर घेऊन तुम्ही कासवासारखे चालताय. पाऊस त्यावर ताशासारखा वाजतो. वाट अशी उरलेलीच नाही, वाटेच्या जागी लाल पाणी वाहतंय. पायाच्या बोटांत चिखल, पोटरीला जळू. तिला ओढू नका, चिमूटभर मीठ लावा. मीठ बरोबरच्या माणसाकडे आहे. त्याच्या ओल्या घोंगडीला मेंढीचा, धुराचा आणि त्याचा स्वतःचा, असे तीन वास येताहेत आणि तिन्ही तुमच्या अंगाला लागलेत.

तो पोलादपुराकडचा कुंभार आहे. पावसाळ्यात भट्टी लागत नाही, माती वाळत नाही, म्हणून मोकळा. कुणी सांगितलं घळीत गोसावी बसलेत आणि रोज देवाचं काढतात, तर निघाला. हो, हा कुंभारही मीच उभा केलेला. संस्कृतात शिवचरित्र लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरात आहे, पण कुंभाराला कवींद्र माहीत नाहीत. त्याला माहीत आहे ते मडकं. वाटेत त्याने तुम्हाला मडक्याची पारख शिकवलीय. बोटाच्या पेराने वाजवायचं. टण् वाजलं तर धड. बद्द वाजलं तर चीर गेलीय, डोळ्याला दिसो न दिसो.

गावाचं नाव कुंभे शिवथर. त्यात कुंभ आहे, हा योगायोग समजा.

घळ दिसण्याआधी ऐकू येते. छातीत ऐकू येते. समोर पाण्याचा लोट वरून खाली कोसळतोय, त्याचे तुषार आतपर्यंत येतात आणि भुवयांवर बसतात. आत अंधार, ओल्या दगडाचा वास, वटवाघळांचा वास, कोपऱ्यात धुमसणारं लाकूड, त्यावर कसलीतरी पेज. वीसेक माणसं दाटीवाटीने बसलीत. प्रत्येकाच्या अंगातून वाफ निघतेय. मावळातले शेतकरी आहेत, दोघंतिघं पागोटेवाले आहेत, एक म्हातारी आहे जी बहुधा कोरड्या जागेसाठी आलीय. पुढे छाटी नेसलेले, दाढी वाढलेले समर्थ रामदास. त्यांच्या बाजूला मांडीवर फळी घेऊन बोरूने लिहिणारे त्यांचे शिष्य कल्याणस्वामी. कागद ओलसर होऊ नये म्हणून ते अंगाची कमान करून बसलेत. तुमच्या केसातून एक थेंब जरी त्या कागदावर पडला तरी ते जी नजर टाकतील, ती तुम्हाला जन्मभर पुरेल.

दासबोध इथे लिहिला गेला अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये ही घळ शोधून काढली, तेव्हा तिच्यावर रान माजलेलं होतं. आज तिथे समर्थ सांगताहेत आणि कल्याण लिहिताहेत अशा मूर्ती आहेत. मूर्ती कोरड्या आहेत. घळीतला माणूस तसा कोरडा राहिला नसणार, एवढंच मला तिथे गेलो की वाटतं.

आणि एक गंमत बघा. विषय चाललाय निश्चळ परब्रह्माचा, जिथे हालचाल नाही, आवाज नाही, काही नाही. आणि बाहेरचं पाणी एवढं गर्जतंय की ‘निर्गुण’ हा शब्द तीनदा ओरडून सांगावा लागतो. मागच्या रांगेतल्या एकाला ‘निर्गुण’ ऐवजी भलतंच काही ऐकू आलंय आणि तो शेजाऱ्याला विचारतोय.

समर्थ देवाचा शोध घेताहेत. ग्रंथात याला देवशोधनच म्हटलंय, आणि शोध घेणारा हा माणूस भलता निर्भीड आहे. दगडाचा देव फुटतो. मातीचा विरघळतो. मूर्ती, अवतार, अंतरात्मा आणि त्यापलीकडचा निर्विकार, अशी देवाची चार पायऱ्यांची उतरंड ते मांडतात, आणि पहिल्या पायरीवर बसून राहिलेल्यांची फार गय करत नाहीत. कुणाच्या तरी घरी नुकतीच देवांची चोरी झालेली असावी, कारण एक पागोटं अस्वस्थपणे हलतं.

मग कर्त्याची गोष्ट निघते. जगाच्या आधी जग करणारा असला पाहिजे. कसा? तर कुंभार मडक्याच्या आधी असतो. मडकं म्हणजे कुंभार नव्हे. कळसूत्री बाहुल्या नाचतात, त्यांना नाचवणारा वेगळा. मातीचं सैन्य केलं, करणारा वेगळा.

‘कुंभार’ म्हटल्याबरोबर तुमच्या शेजारची घोंगडी ताठ होते.

या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दाखल्यात घेतलंय. लग्नकार्यात त्याला मागच्या दाराशी उभं करून मडकी मोजून घेतात. आणि इथे सृष्टीच्या कर्त्याला समजावून सांगायला त्याचं नाव काढलं गेलंय. त्याचा चेहरा बघा. चुलीतल्या उजेडात तो दोन क्षण खरंच ब्रह्मदेव झालाय. आणि मग, भल्या माणसाला जे व्हायचं तेच त्याला होतं. शंका येते.

तो उठून उभा राहतो. डोकं घळीच्या छताला आपटतं. ‘‘सामी, म्या मडक्याच्या आदी. खरं. पन माझ्या आदी माजी आई.’’

पाणी कोसळतच असतं. कल्याणस्वामींचा बोरू थबकतो.

‘‘तसं त्या मोठ्या कुंभाराच्या आदी कोन?’’

मागून कुणीतरी ‘‘बस खाली’’ म्हणतं. समर्थ हात वर करतात. श्रोत्याने शंका काढणं इथे अपराध नाही. दासबोध उघडून बघा, पानोपानी श्रोता मध्येच तोंड घालतो. नाव नाही, गाव नाही, नुसती आशंका. वीस दशक, त्यांचे प्रत्येकी दहा असे दोनशे समास, आणि या माणसाने आपल्याच ग्रंथात विरोधकाला दर थोड्या अंतरावर जागा राखून ठेवली. पुढच्या अनेक कीर्तनकारांना हे जमलेलं नाही.

समर्थांचं उत्तर असं: घडणं, घडवणं, आधी, नंतर, हे सगळं मायेच्या हद्दीतलं. माती मायेतली, तूही मायेतला, तुझी आईही. ब्रह्मा, विष्णू, महेशदेखील त्याच हद्दीत. जे त्या हद्दीच्या बाहेर आहे ते कधी झालंच नाही, सदा आहेच. त्याला घडवणारा विचारणं म्हणजे आकाशाला शिवण कुठे आहे असं विचारणं. आकाशाचा दाखला माझा, बाकीचं त्यांचं.

कुंभार बसत नाही. ‘‘बरं. ते हलत न्हाई, बदलत न्हाई. मग त्यातनं ही माया कशी निगाली? न हलणाऱ्या चाकावर मडकं चढत न्हाई, सामी. म्या लई डाव बगितलंय.’’

पाल्याच्या म्हाताऱ्या भिक्षूचं तोंड आठवलं ना तुम्हाला? आत गेलेलं, हसणारं? तो आंब्याच्या मोहोराचा प्रश्न डोंगर उतरून, पंधराशे वर्षं भिजत, या घळीत आलाय. कुंभाराला वसुबंधू माहीत नाही. त्याला चाक माहीत आहे.

आणि ही शंका मात्र मी रचलेली नाही. ग्रंथात ती आहे, आठव्या दशकात, बरीच लांबवर: निर्विकारात विकार आलाच कसा, अचळात चळण कुठून? त्यावर समर्थांचं उत्तर म्हणजे एक कोलांटउडी आहे, सुंदर आणि चिडवणारी. जी माया मुळात झालीच नाही, ती कशी झाली म्हणून काय विचारतोस? मृगजळाला पूर आला तो कुठल्या नदीला?

घळीत माना डोलतात. पागोटेवाला डोळे मिटतो. तुम्हालाही क्षणभर वाटतं, अरे, खरंच की. सगळं हलकं होतं. पोटरीतून रक्त येतंय हेही विसरायला होतं.

कुंभार मात्र आपल्या ओल्या गुडघ्यांकडे बघतोय. ‘‘झालीच न्हाई? घरात सहा तोंडं हाईत खाणारी.’’

आता हसू फुटतं, आणि मला शपथेवर विचाराल तर समर्थही हसतात. ते त्याला बसवून घेतात, पेज द्यायला सांगतात. नाचणीची आहे, कोमट, धुराचा वास लागलेली, वर मिठाचा खडा. पानाच्या द्रोणातून सुर्रकन ओढा. आयुष्यात प्यालेल्या सगळ्या सूपांना मागे टाकेल.

परतीच्या वाटेवर तुम्ही त्याला विचारता, पटलं का? तो बराच वेळ चालतो. मग हवेतच एक मडकं धरून त्यावर बोटाचं पेर मारतो. ‘‘वाजवून बगितलं. चीर न्हाई. पन भट्टीतनं जरा लवकर काडल्यागत वाटतं.’’

मला यापेक्षा चांगली समीक्षा माहीत नाही. तुम्ही काहीच बोलत नाही, कारण तुमचा पाय घसरलाय आणि तुम्ही बसल्या बसल्या लाल पाण्यातून खाली निघाला आहात. इरलं सुटलं. काही धरू नका. खाली थांबाल तिथे कोरडं आहे.

कोरडं म्हणजे कडक कोरडं. मार्चचं ऊन. महाड गावात, चवदार तळ्याच्या काठावर, 1927 साल. हजारोंची गर्दी. खांद्यावर काठी, काखेत भाकरीचं गाठोडं, मैलोगणती चालून आलेले पाय. त्यांचे तळवे बघा, पाल्याच्या पाथरवटांसारखे. परिषदेला आलेल्या या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलंय, तळं समोर असताना, कारण अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिवू देत नाहीत. तुमच्या घशाला कोरड पडलीय. त्यांच्या घशाला किती पिढ्यांची असेल, ते तुम्हाला कळणार नाही, आणि कळल्याचा आव आणू नका. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरतात, ओंजळ भरतात. मग मागचे उतरतात. पाणी हलतं.

यात देवाचा वाद कुठे, असं वाटेल. थोड्याच वेळात येतो. गल्लीबोळांतून हाकाटी पळते की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. आणि काठ्या निघतात. देव आहे का, त्याला आरंभ आहे का, त्याला कुणी घडवलं, असलं त्या दुपारी महाडात कुणी विचारत नाही. तो कुणाचा आहे, एवढ्याचीच घाई आहे. पाल्याचा भिक्षू आणि घळीतले समर्थ एकमेकांशी भांडले असते, पण दोघांनाही हा प्रश्न कळला असता असं मला वाटत नाही.

थांबा, अजून जाऊ नका. मारहाण झालीय, गर्दी पांगलीय, आणि आता तळ्यावर दुसरी माणसं जमलीत. तळं बाटलं म्हणे, शुद्ध करायचंय. काठावर मातीची मडकी ओळीने मांडलीत. तळ्याचंच पाणी, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र. उन्हात त्याला आंबूस वास सुटलाय, माश्या घोंगावताहेत. मंत्र चाललेत. एकेक मडकं तळ्यात बुडवतात, गुड् गुड् आवाज करत ते आत जातं. 108 आहेत.

कुणाचं लक्ष नाही. ओळीतल्या शेवटच्या मडक्याजवळ जा, खाली बसा आणि कुंभाराने दाखवलं तसं बोटाचं पेर मारून बघा.

आवाज बद्द येतो. काठोकाठ भरलंय म्हणून, की चीर गेलीय म्हणून, ते बाहेरून सांगता येत नाही.